चुकीपेक्षा लाज महाग

मोटारीचे काही अपघात असे असतात की त्यांची पोलिसांत नोंद होत नाही, वृत्तपत्रांत बातमी येत नाही, आणि घरात विषय निघालाच तर संबंधित गृहस्थ तो तत्परतेने बदलतात. उतारावर उभी केलेली गाडी हातब्रेक न लावल्यामुळे आपोआप घरंगळू लागते आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाची भिंत पाडून थांबते. डिझेलवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल भरले जाते आणि ती भर चौकात बंद पडते. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडून गाडी दुकानाच्या पायऱ्या चढते. या प्रसंगांत वादळ नसते, रस्त्यात खड्डा नसतो, समोरून भरधाव येणारा ट्रक नसतो. दोष देण्यासाठी दुसरे कोणीच हाताशी नसल्यामुळे सगळा भार एकट्या चालकावर येऊन पडतो. क्षणभराचे अनवधान हे कारण आणि वर्षानुवर्षे पुरणारी थट्टा हा परिणाम, असे या अपघातांचे स्वरूप असते.

समाज अशा प्रसंगाकडे दोनच दृष्टींनी पाहतो. कोणाला इजा झाली नसेल तर तो हसतो. झाली असेल तर ‘निष्काळजी’ असा शिक्का मारून मोकळा होतो. या दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. परंतु दोहोंचा शेवट एकाच ठिकाणी होतो. चुकलेला माणूस गप्प बसावयास शिकतो. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या मौनाची किंमत किती मोठी असते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

चावी फिरविण्यापूर्वी

इंधनाच्या चुकीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डिझेल हे नुसते जळण नव्हे. इंजिनाला इंधन पुरविणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाचे ते वंगणही असते. पेट्रोलमध्ये हा गुण नसतो. डिझेलच्या टाकीत पेट्रोल पडले, परंतु इंजिन सुरू केले गेले नाही, तर बहुधा टाकी रिकामी करून स्वच्छ करण्यावर भागते. तेच इंजिन सुरू करून गाडी पुढे नेली तर पंपातील धातूचे भाग वंगणाविना घासू लागतात, त्यांचा सूक्ष्म कीस इंधनाबरोबर इंजेक्टरपर्यंत पोहोचतो आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. दोन्ही वेळी चूक तीच असते. फरक असतो तो चावी फिरविण्यापूर्वी ती कोणी बोलून दाखविली की नाही, एवढ्याचाच.

आपल्याकडे पंपावर इंधन भरण्याचे काम बहुधा तेथील कर्मचारी करतो. नळी हातात असतानाच त्याच्या लक्षात चूक आली असे क्षणभर धरून चालावे. नुकसान पगारातून कापले जाईल, मालक चारचौघांत बोलेल, ग्राहक अंगावर धावून येईल, या भीतीने त्याची जीभ अडखळली तर नवल नाही. ग्राहकाच्या स्वतःच्या लक्षात आले तरी मागे रांग लागलेली असते, हॉर्न वाजत असतात. अशा वेळी खाली उतरून ‘घोटाळा झाला आहे, गाडी ढकलून बाजूला घ्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘थोडेच गेले आहे, चालून जाईल’ अशी स्वतःची समजूत घालणे सोपे वाटते. टाकी धुण्याच्या खर्चावर मिटणारी चूक पंप आणि इंजेक्टर बदलण्यापर्यंत जाते ती या अर्ध्या मिनिटात. हा वाढलेला खर्च चुकीचा नव्हे, लाजेचा असतो.

काम संपल्यावरची चूक

हातब्रेकची गोष्ट याहून निराळी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. गाडी चालविताना चालकाचे लक्ष ज्या हेतूवर खिळलेले असते तो हेतू म्हणजे इच्छित स्थळी पोहोचणे. गाडी जागेवर उभी राहिली, इंजिन बंद झाले की तो हेतू पुरा होतो. शरीर अजून गाडीत असते, मन मात्र जिना चढून दारापर्यंत गेलेले असते. हातब्रेक लावणे, गाडी गिअरमध्ये ठेवणे ही कामे हेतू पूर्ण झाल्यानंतर उरतात, आणि म्हणूनच ती निसटतात. झेरॉक्सच्या यंत्रावर मूळ कागद विसरून नकला घेऊन परतणारा कारकून याच जातीची चूक करीत असतो. पैसे हाती आल्यावर कार्ड यंत्रातच विसरणाऱ्या बँकेच्या ग्राहकाचेही तेच. यावर अनेक बँकांनी केलेला उपाय साधा आहे: कार्ड परत घेतल्याशिवाय पैसे बाहेर येत नाहीत. ग्राहकांना विसराळूपणाबद्दल व्याख्यान देण्यापेक्षा यंत्रातील क्रम बदलणे अधिक उपयोगी ठरले.

मँचेस्टर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मानवी चुकांच्या अभ्यासात आयुष्य घालविले. त्यांचा ‘ह्यूमन एरर’ हा १९९० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयावर प्रमाण मानला जातो. या अभ्यासाचा उगम त्यांनी मोकळेपणाने सांगितला आहे. चहा करीत असताना मांजर भुकेने ओरडू लागले, आणि या विद्वान गृहस्थांनी मांजराचे खाणे चमच्याने चहाच्या किटलीत घातले. दोन सवयीची कामे एकमेकांत मिसळली होती. रीझन यांनी ही फजिती लपविली असती तर एका घरातला चहा फुकट गेला, एवढीच तिची नोंद राहिली असती. सवयीने होणारी कामेच अशा चुकांना बळी पडतात, हे त्यांच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे सूत्र आहे. नवशिक्या चालक हातब्रेकचा विचार करतो. वीस वर्षे गाडी चालविणारा तो करीत नाही. त्यामुळे ‘इतका अनुभवी माणूस असा कसा चुकला?’ हा प्रश्नच मुळात उलटा आहे.

कायद्याने या विसराची दखल घेतलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी चालकाविना उभे असलेले वाहन आपोआप हलणार नाही अशा रीतीने इंजिन बंद करून ब्रेक लावणे वा अन्य तजवीज करणे बंधनकारक आहे. परंतु कलमाने कर्तव्य सांगता येते. आठवण करून देता येत नाही. ती आठवण गाडीच्या रचनेने करून द्यावी लागते.

पाय चुकला की गाडी चुकली?

या संदर्भात अमेरिकेत १९८० च्या दशकात गाजलेले ऑडी ५००० या मोटारीचे प्रकरण आठवण्याजोगे आहे. ब्रेकवर पाय असतानाच गाडी एकदम उसळली, अशा तक्रारी अनेक चालकांनी केल्या. तक्रार करणाऱ्यांत स्वतःच्या गाडीखाली आपला लहान मुलगा गमावलेली एक माता होती. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाने हा विषय देशभर नेला, आणि कंपनीची विक्री कोसळली. पुढे तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या आणि अन्य कंपन्यांच्या मोटारींबाबतच्या तक्रारींचा अभ्यास करून १९८९ साली निष्कर्ष काढला: गाडीत अन्य दोष आढळत नसेल तेथे बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला होता.

ते चालक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. पाय ब्रेकवर आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणूनच गाडी उसळताच त्यांनी तोच पाय अधिक जोराने दाबला. परंतु या वादाचा खरा लाभ दोष कोणाचा हे ठरण्यात नव्हता. ब्रेक दाबल्याखेरीज गिअरचा दांडा ‘पार्क’मधून निघूच नये, अशी अडसर-योजना ऑडीने आपल्या गाड्यांत बसविली आणि कालांतराने ती स्वयंचलित गिअरच्या मोटारींत सर्वत्र रूढ झाली. माणसाचा पाय पूर्वी जसा चुकत होता तसाच आजही चुकू शकतो. गाडी सुरू होऊन हलण्याच्या क्षणी तो ज्या मार्गाने घात करीत असे, तो मार्ग मात्र बंद झाला.

एक पिता आणि एक अधिकारी

चूक घडल्यानंतर माणसे कशी वागतात याची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले अमेरिकेतील लाँग आयलंडचे. २००२ साली तेथील एक बालरोगतज्ज्ञ आपल्या घराच्या आवारात गाडी मागे घेत होते. त्यांनी आरशांत पाहिले होते. तरीही गाडीच्या मागे, कोणत्याही आरशात न दिसणाऱ्या जागेत, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आलेला होता. तो त्या गाडीखाली सापडून मरण पावला. ज्या वेदनेविषयी चार भिंतींतही बोलवत नाही ती या पित्याने लोकांपुढे मांडली. इतर पालकांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २००८ साली त्या बालकाच्या नावाने अमेरिकेत कायदा झाला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीतून २०१८ च्या मेपासून तेथील नव्या मोटारींत मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला. भारतातही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारे संवेदक बसविणे आवश्यक करण्यात आले आहे.

दुसरे उदाहरण जपानचे आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोतील इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त उच्चपदस्थ अधिकाऱ्याची मोटार भरधाव सुटली आणि सायकलवरून जाणारी एक तरुण माता व तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. न्यायालयात या गृहस्थांनी गाडीतच बिघाड होता, असा पवित्रा घेतला. न्यायालयाने तो फेटाळला. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निर्णय देऊन सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांनी पुढे अपील केले नाही. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या, आयुष्यभर प्रतिष्ठेत वावरलेल्या माणसाला ‘माझा पाय चुकला’ हे चार अक्षरांचे वाटणारे वाक्य किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. परंतु पत्नी आणि कन्या गमावलेल्या त्या तरुण पतीला अडीच वर्षे ज्याची प्रतीक्षा करावी लागली ते हेच वाक्य होते. पायाच्या अशा चुका टाळणारे उपकरण सप्टेंबर २०२८ पासून नव्या मोटारींत सक्तीचे करण्याचा निर्णय जपानने घेतला आहे. तंत्रज्ञानाला जे साधते ते तंत्रज्ञान करील. चूक कबूल करण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

वैमानिकांकडून घेण्याजोगे

कबुलीचा मार्ग सुकर कसा करावा, हे विमानवाहतुकीने दाखवून दिले आहे, आणि तो धडा तिने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला होता. चौकशीत असे उघड झाले की, सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच गैरसमजामुळे त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते कळविले होते आणि कंपनीने आपल्यापुरती सूचनाही काढली होती. परंतु इतर कंपन्यांच्या वैमानिकांपर्यंत ती पोहोचण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती.

यानंतर १९७६ साली ‘नासा’ या संस्थेच्या देखरेखीखाली एक योजना सुरू झाली. वैमानिकाने आपल्या हातून झालेली चूक दहा दिवसांच्या आत कळवावी. ती हेतुपुरस्सर केलेली किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाची नसेल आणि अपघात घडलेला नसेल तर नियमभंगाचा दंड सामान्यतः माफ व्हावा. आणि अहवालातील नावगाव काढून टाकून त्यातील बोध सर्वांना खुला करावा, असे तिचे स्वरूप आहे. या योजनेत आजवर लाखो अहवाल जमा झाले आहेत. दंड घेणारी यंत्रणा आणि चूक ऐकून घेणारी संस्था या दोन वेगळ्या ठेवल्या, हे तिच्या यशाचे मर्म होय. चुकलेल्या माणसाने ज्याच्यापाशी बोलावे तोच त्याला शिक्षा करणारा असेल, तर बोलणे कधीच घडणार नाही.

‘चालकाची चूक’ म्हणजे चौकशीचा शेवट

आपल्याकडे काय चित्र आहे? २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रीय मंत्रालयाच्या २०१६ च्या अहवालात ८४ टक्के अपघातांचे कारण ‘चालकाची चूक’ असे नोंदविलेले होते. ‘चालकाची चूक’ हे उत्तर दिसते खरे, परंतु तेथे प्रश्न सुरू व्हावयास हवा. चूक कोणती? नजर चुकली, पाय चुकला, की झोप लागली? त्याच वळणावर, त्याच चढावर पूर्वीही कोणी चुकले होते काय? हे विचारलेच गेले नाही तर रस्ता, गाडी आणि कामाचे तास जसेच्या तसे राहतात. बदलतो तो फक्त आरोपी.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार अपघातानंतर चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यावेत आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना माहिती द्यावी, असे बंधन आहे. याच कलमात ‘जमावाच्या प्रक्षोभामुळे शक्य नसेल तर’ अशी सवलतही ठेवलेली आहे. आपल्या समाजाविषयीची ही कबुली खुद्द कायद्यानेच दिलेली आहे. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर माहिती न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप पुकारला; थांबलो तर जमाव मारील, ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती हे पोटकलम वगळून. पळून जाणाऱ्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु थांबणाऱ्याला सुरक्षित वाटेल असे वातावरण नसताना केवळ पळणाऱ्याची शिक्षा वाढविल्याने जखमी माणूस लवकर रुग्णालयात पोहोचेल काय, याचा विचार करावयास हवा.

अनवधान आणि बेपर्वाई

यावर एक आक्षेप घेतला जाईल. चुका अशा पोटात घातल्या तर बेजबाबदारपणा बोकाळणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु तो अनवधान आणि बेपर्वाई यांतील भेद पुसून टाकतो. मद्य घेऊन गाडी चालविणारा, भरधाव वेगात फोनवर बोलणारा, सिग्नल तोडणारा काय करीत आहे हे त्याला ठाऊक असते. त्याने धोका निवडलेला असतो, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या जिवावर. तेथे शिक्षाच हवी, आणि ती कठोर हवी. हातब्रेक विसरणाऱ्याने काहीच निवडलेले नसते. शिक्षेच्या धाकाने निवड बदलता येते. विसर बदलता येत नाही.

हा भेद एका जुन्या उदाहरणाने स्पष्ट होतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हा नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारे उपकरण शिशामुळे निकामी होऊ नये म्हणून टाकीचे तोंड अरुंद करण्यात आले आणि शिसेयुक्त पेट्रोलची नळी रुंद ठेवण्यात आली. चुकून भरू पाहणाऱ्याची चूक त्यामुळे टळली. स्वस्त पेट्रोलच्या मोहाने काहींनी टाकीचे तोंडच मुद्दाम मोठे करून घेतले. पहिल्यासाठी अरुंद तोंड पुरेसे होते. दुसऱ्यासाठी कायद्याचा बडगाच हवा होता. दोघांना एकच औषध देणाऱ्या व्यवस्थेत भुलकट माणूस लपू लागतो आणि बेपर्वा माणूस त्याच्या आड दडतो.

भाषेचाही येथे वाटा आहे. जपानी कारखान्यांत चुका टाळणाऱ्या रचनांना आरंभी ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खपणा टाळणारी युक्ती, असे म्हणत. कामगारांना हा शब्द लागतो हे ध्यानी आल्यावर शिगेओ शिंगो या अभियंत्याने तो बदलून ‘पोका-योके’, म्हणजे नजरचूक टाळणारी युक्ती, असा केला. रचना तीच राहिली, परंतु कामगाराचा अपमान थांबला. आपल्याकडे ‘वेंधळा’ हा शब्द किती सहजपणे उच्चारला जातो! तो एकदा चिकटला की माणूस पुढची चूक सांगत नाही.

शिक्षक आणि कारकून या दोन वर्गांना यातील मर्म वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. ज्या वर्गात हातचा विसरलेल्या मुलाला हसले जाते त्या वर्गातील मुले शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवून घेतात, आणि त्यांना हातचा कधीच समजत नाही. जमाखर्चाच्या शास्त्राने तर माणूस चुकणारच हे शतकानुशतके गृहीत धरले आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावयाचा, कीर्दीवरून खतावणी करावयाची आणि शेवटी तेरीज जुळवून पाहावयाची, ही सारी खटपट कारकून अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर आकडे उलटसुलट पडतात म्हणून आहे. तेरीज जुळली नाही तर रात्री बसून चूक शोधतात. ती लपविणाऱ्याच्या हातून मात्र पुढे अफरातफरही घडू शकते.

हीच शिस्त रस्त्यावर आणणे अवघड नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी सुरू करण्याचे धडे मिळतात. ती सोडण्याचाही एक ठरलेला क्रम शिकविला जावा: ब्रेक, गिअर, चाके कडेला वळविणे, आणि मग चावी. एस. टी. चे आगार, शाळांच्या बसगाड्या, मालवाहतुकीच्या कंपन्या येथे ‘थोडक्यात टळलेल्या’ प्रसंगांची नाव न घालता नोंद करण्याची वही ठेवता येईल. तीत लिहिणाऱ्याला दंड नाही, एवढे एकच आश्वासन पाळले पाहिजे. पंपावर इंजिन सुरू होण्याआधी चूक सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार कापण्याऐवजी मालकाने त्याचे आभार मानावेत. तो व्यवहार मालकाच्याही फायद्याचा आहे. सर्व गाड्यांना सारखे ब्रेक असले तरी सर्व माणसांना सारखे अवधान नसते, आणि एकाच माणसाचे अवधानही दिवसभर सारखे राहत नाही. शेजाऱ्याची गाडी आपली भिंत पाडून थांबली, तर भरपाई अवश्य मागावी. परंतु हसण्यापूर्वी त्या चढावर ती कशी सुटली हे विचारावे; कारण त्याच चढावर दुपारी मुले खेळत असतात.